रिसाल्यातून आलेली पत्रं: हाताळायची कशी, वाचायची कशी, माग काढायचा कसा

गोव्याला घोडदळाची परंपरा आहे असं कोणी म्हणणार नाही. तरीही पेडणे, सत्तरी, डिचोली, फोंड्याकडच्या जुन्या घरांत माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतून कधी कधी चार घड्यांचे कागद निघतात आणि त्यात ‘सवार’ (घोडेस्वार), ‘रिसाला’ (घोडदळाची तुकडी), ‘घोडे’, ‘फरांस’ (फ्रान्स) असे शब्द दिसतात. ही पत्रं बहुधा सोयरिकीच्या वाटेनं आलेली असतात. आपल्या सोयरिकी सावंतवाडी, खानापूर, बेळगाव, कारवारपर्यंत पसरलेल्या. तिकडचा कोणी पणजीचा भाऊ, आजीचा मामा पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) गेला, त्यानं घरी लिहिलं, आणि ते कागद दागिन्यांच्या डब्यासोबत किंवा जमिनीच्या कागदांच्या गठ्ठ्यातून इथे पोचले.

अशी पत्रं हाती आली आणि पुढे काय करायचं कळत नाही, अशांसाठी हा लेख आहे. मोडी येत नसली तरी चालेल, लष्करी इतिहास वाचलेला नसला तरी चालेल. एकच गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण बाकीच्या पायऱ्या तिच्या आधारानं चालायच्या आहेत: पत्रात त्या माणसानं काय सांगितलंय यापेक्षा त्यानं काय विचारलंय, ते आधी पाहा. सांगण्यावर पहारा होता. विचारण्यावर फारसा नव्हता.

पेटी कधी उघडायची

पावसाळ्यात नाही. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवाच ओली असते. शंभर वर्षांचा कागद त्या हवेत उलगडला की घडीवर फाटतो आणि आठवड्याभरात त्यावर बुरशीची पांढरी पूड धरते. मार्गशीर्ष ते शिमग्याच्या आधीपर्यंतचे कोरडे दिवस सगळ्यांत चांगले.

पावसाळा मात्र दुसऱ्या कामासाठी ठेवा. चवथीला सगळे मूळ घरी जमतात. म्हाताऱ्या आत्या, मुंबईहून आलेले काका, एरवी फोनही न उचलणारे चुलतभाऊ एकाच पडवीत बसलेले सापडतात. विचारपूस तेव्हा करा. ‘लढाईवर कोण गेलं होतं?’ असं सरळ विचारलं तर बहुतेकांना आठवत नाही. ‘कोणाला पेन्शन यायची?’, ‘कोणाच्या घरी पदक होतं?’, ‘घोडेवाला म्हणून कोणाला हाक मारायचे?’ असं विचारा, उत्तरं येतात. नाव, गाव, बापाचं नाव आणि कोणत्या सोयरिकीतून नातं, एवढं वहीत लिहून घेतलं तरी पुढचं निम्मं काम सोपं होतं.

कागद हातात घेताना

हात धुऊन, पूर्ण कोरडे करून काम करा. मोज्यांची गरज नाही, उलट मोज्यांत बोटांना कागदाची कड कळत नाही आणि तो फाटतो. टेबलावर धुतलेलं पांढरं सुती कापड पसरा. चहाचा कप त्या खोलीतच नको.

घडी जोर लावून उघडू नका. ती अडत असेल तर कागद तसाच कापडावर दिवसभर ठेवा, वर हलकं पुस्तक ठेवा, उद्या पाहा. कसर लागलेली असेल तर मऊ ब्रशनं, कागदाच्या मधून कडेकडे झाडा.

ओलं फडकं अजिबात लावायचं नाही, आणि त्याला खास कारण आहे. त्या काळात फौजेत कॉपिंग पेन्सिल फार चालायची. कोरडी असताना तिचं अक्षर राखाडी, साध्या शिसपेन्सिलीसारखं दिसतं. पाणी लागलं की ते गडद जांभळं होऊन पसरतं. एखाद्या पत्रात मध्येच दोन शब्द जांभळे दिसले तर तिथे कधी तरी थेंब पडलेला असतो. तो पावसाचा, घामाचा की आणखी कशाचा, हे ठरवायची घाई नको. आपल्याकडे गळक्या कौलांचाच असण्याची शक्यता जास्त.

सेलोटेप, फेव्हिकॉल, लॅमिनेशन हे तीन शत्रू. लॅमिनेशन केलेलं पत्र कायमचं गेलं असं समजा. ती उष्णता आणि प्लास्टिक पुन्हा सोडवता येत नाही. फ्रेम करून दिवाणखान्यात लावण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. लावायचंच असेल तर रंगीत झेरॉक्स लावा, पाहुण्यांना फरक कळत नाही.

प्रत्येक कागदाला मागच्या कोपऱ्यात, मऊ शिसपेन्सिलीनं, हलक्या हातानं क्रमांक घाला. पाकीट आणि आतला कागद यांना एकच क्रमांक, पुढे ‘अ’ आणि ‘ब’. पेटीत ते ज्या क्रमानं होते तोच क्रम आधी नोंदवा, तारखांप्रमाणे लावणं नंतर. कोणी तरी एकदा ते कागद एकत्र बांधले होते, आणि काय कशासोबत बांधलं यालाही अर्थ असतो. मनीऑर्डरीची पावती एखाद्या पत्राच्या घडीत सापडली तर ती तिथलीच आहे.

फोटो

चांगल्या मोबाइलवर काम भागतं. उत्तरेकडच्या खिडकीशी, ऊन थेट न येणाऱ्या जागी, फ्लॅश बंद करून, मोबाइल कागदाच्या बरोबर वर धरून काढा. शेजारी पट्टी ठेवा म्हणजे आकार कळतो. दोन्ही बाजू काढा, कोरी बाजूसुद्धा. पुसट पेन्सिलीसाठी एक जास्तीचा फोटो काढा: खोलीत अंधार करून टॉर्च कागदाच्या कडेनं, जवळजवळ आडवी धरा. पेन्सिलीनं कागदावर पडलेले खळगे सावलीनं उठून दिसतात आणि डोळ्यांना न दिसलेली ओळ वाचता येते.

हे फोटो मोडीवाल्या माणसाला पाठवताना व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि मोडीतले बारीक फरक त्यातच मरतात.

आधी पाकीट वाचा

बहुतेक जण पाकीट बाजूला ठेवून पत्राकडे धावतात. पाकिटात आयती माहिती असते, आणि ती छापील अक्षरांत असते.

‘एफ.पी.ओ.’ आणि एक आकडा म्हणजे फील्ड पोस्ट ऑफिस. लढाईतल्या तुकडीसोबत हलणारं टपालघर. आकड्यावरून आणि तारखेवरून तुकडी साधारण कुठे होती हे शोधता येतं. गोल, चौकोनी, त्रिकोणी किंवा षटकोनी आकारातला क्रमांकाचा शिक्का हा सेन्सॉरचा, म्हणजे पत्रातला मजकूर तपासणाऱ्याचा. शेजारी कधी साहेबाची घाईघाईतली सही असते. ती पत्र लिहिणाऱ्याची नाही, हे लक्षात ठेवा.

पत्ता गोव्यातला असेल तर पोर्तुगीज टपालाचे शिक्के मिळतील. ‘नोव्हा गोवा’ असा शिक्का म्हणजे पणजी. इथे एक घोटाळा टाळा. गोव्यातला पूर्वज फौजेत होता म्हणजे तो ब्रिटिशांच्याच फौजेत होता असं नाही. पोर्तुगीजांकडेही मराठा शिपाई होते, आणि १८९५ साली त्यांना मोझांबिकला पाठवायचं ठरलं तेव्हा त्यांनी बंड केलं, ज्यात सत्तरीचे राणेही उतरले. शिवाय मार्च १९१६ पासून पोर्तुगालही जर्मनीविरुद्धच्या युद्धात होता. पत्रात मोझांबिक, पोर्तुगीज हुद्दे, पोर्तुगीज तिकीट दिसलं तर तुमची वाट लिस्बनच्या दिशेनं जाते. या लेखातलं पुढचं तुमच्या फारसं कामाचं नाही.

तो खरंच घोडदळात होता का?

हे विचारायला हवं. घरच्या आठवणीत प्रत्येक लढवय्या घोड्यावर बसलेला असतो. प्रत्यक्षात त्या युद्धातले बहुसंख्य मराठा शिपाई पायदळात होते: १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणींत. यांतल्या १०३, ११० आणि ११७ मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) कूत-अल-अमाऱ्याच्या वेढ्यात सापडल्या आणि २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या सगळ्या फौजेला शरण जावं लागलं.

ओळखायची सोपी खूण म्हणजे हुद्दा. शिपाई, नाईक, हवालदार, सुभेदार असं असेल तर पायदळ. सवार, लान्स दफेदार, दफेदार, कोत दफेदार, रिसाईदार, रिसालदार असं असेल तर घोडदळ. ‘जमादार’ दोन्हीकडे होता, त्याच्यावरून काही ठरत नाही. सईस, नालबंद, खेचरवाले, स्वयंपाकी, कारकून असेही हजारो लोक गेले. ते घोड्यांबद्दल सवाराइतकंच, कधी जास्तच, लिहितात.

घरात पदक असेल तर भिंग घेऊन त्याची कड पाहा. गोल पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव, तुकडी कोरलेली असते; चांदणीच्या आकाराच्या पदकावर ती मागच्या बाजूला. पदक ब्रासोनं घासू नका, कोरलेलं झिजतं. ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं असतं. तेच काशाचं असेल तर माणूस बहुधा लढाऊ तुकडीत नसून सोबतच्या नोकरवर्गात किंवा मजूर तुकडीत होता. घरच्यांना हे ऐकायला आवडत नाही. पण बसऱ्याच्या उन्हात खेचरं हाकणाऱ्यानं सवारापेक्षा काही कमी सोसलं नव्हतं.

तुकडीचं नाव मिळालं की एक खोच ध्यानात ठेवा. १९२१-२२ मध्ये घोडदळाच्या ३९ रेजिमेंटींच्या जोड्या लावून २१ केल्या गेल्या आणि आकडे बदलले. ३४ वी पूना हॉर्स आणि ३३ वी लाइट कॅव्हलरी मिळून १७ वी पूना हॉर्स झाली. २० वी डेक्कन हॉर्स आणि २९ वी लान्सर्स मिळून ९ वी डेक्कन हॉर्स. १९१६ च्या पत्रातला ‘२० रिसाला’ आजच्या यादीत विसाव्या क्रमांकावर शोधलात तर भलत्याच तुकडीच्या मागे लागाल.

आणि पत्र १९४० नंतरचं असेल तर घोडे विसरा. १९३८ पासून घोडदळाचं यांत्रिकीकरण सुरू झालं. ‘हॉर्स’, ‘लान्सर्स’, ‘कॅव्हलरी’ ही नावं राहिली, घोड्यांच्या जागी रणगाडे आले. डिसेंबर १९६१ मध्ये गोव्यात शिरलेली सातवी कॅव्हलरी रणगाडे घेऊनच आली होती. आज खऱ्या घोड्यांवरची लष्करी रेजिमेंट म्हणजे जयपूरची ६१ वी कॅव्हलरी, आणि तिची स्थापना १९५३ ची.

तारीख लावणं

काही पत्रांवर इंग्रजी तारीख असते, काहींवर मिती. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंत ७९ मिळवा, कारण तोवर जानेवारी उजाडलेला असतो. शक पुसट असेल तर संवत्सराचं नाव शोधा, ते वाचायला सोपं जातं. युद्धाच्या काळातली ही: शके १८३६ आनंद, १८३७ राक्षस, १८३८ नल, १८३९ पिंगल, १८४० काळयुक्त. ‘पिंगलनाम संवत्सरे’ एवढं लागलं की १९१७-१८ पक्कं.

नुसता महिना आणि तिथी असेल तर मजकुरातला सण, पेरणी, कापणी पाहा. पत्र बोटीनं यायचं, महिनाभर किंवा त्याहून जास्त लागायचा. म्हणून त्यानं विचारलेला प्रश्न त्याच्या हिशेबानं ताजा आणि घरच्यांच्या हिशेबानं शिळा असतो. पेरणी झाली का, हे विचारणारं पत्र घरी पोचतं तेव्हा भात पोटरीला आलेलं असतं.

लिपी

पत्र बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत असेल तर नशीब. मोडीत असेल तर तिला घाबरून पेटी पुन्हा बंद करू नका. मोडीच्या अडचणी ठरलेल्या आहेत: शिरोरेघ आधी ओढून अक्षरं तिला टांगलेली, शब्द सलग, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हं नाहीत. त्यावर उपाय असा की घरगुती पत्राचा सांगाडाही ठरलेला आहे. ‘श्री’, मग ‘तीर्थरूप राजश्री... यांचे चरणी’, ‘शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष’, ‘येथील क्षेम... जाणून’, ‘पुढे मजकूर’, आणि शेवटी ‘लोभ असावा ही विनंती’. हे ठोकळे आधी शोधा. त्यांतली अक्षरं ओळखीची झाली की त्याच हाताची तीच अक्षरं बाकीच्या मजकुरात ओळखता येतात.

शिकायला मोडीची पुस्तकं सहज मिळतात. पणजीतल्या पुराभिलेख खात्यात मोडीचे कागद आहेत, ती वाचणारी माणसं आहेत. पिळगावचे इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर याच दप्तराच्या कामात आयुष्यभर राहिले. तिथे जाऊन मोडीचे वर्ग कधी निघतात ते विचारा.

उतरवून घेताना दोन वह्या करा. एकीत जसंच्या तसं, ओळीला ओळ, अशुद्धांसकट देवनागरीत. न लागलेल्या शब्दाच्या जागी चौकट सोडा, अंदाज पेन्सिलीनं. दुसरीत आजच्या मराठीत. या दोन्ही एकत्र केल्या की आपलंच मराठी त्याच्या तोंडी बसतं आणि पुढे कोणाला सोडवता येत नाही.

आता वाचन

वाचायला बसण्याआधी मधली माणसं डोळ्यांपुढे आणा. पुष्कळ सवारांना लिहिता येत नव्हतं. पत्र दुसरा कोणी लिहायचा, म्हणून एकाच माणसाच्या पत्रांत तीन हस्ताक्षरं दिसली तर बनावट समजू नका. लिहिलेलं पत्र रेजिमेंटमधला अधिकारी पाहायचा. फ्रान्सातून येणारी आणि तिकडे जाणारी हिंदी फौजेची पत्रं त्याखेरीज एका खास सेन्सॉर कचेरीतून जायची. ती १९१४ च्या अखेरीस सुरू झाली आणि ई. बी. हॉवेल हा सनदी अधिकारी तिचा प्रमुख होता. आणि घरी आल्यावर पत्र चारचौघांत मोठ्यानं वाचलं जायचं. बायकोला काही सांगायचं असेल तर तेही बापाला लिहिलेल्या पत्रातून, सगळ्यांच्या कानांवरून.

शिपायांना हे सगळं माहीत होतं. काहींनी खुणेची भाषा काढली. सेन्सॉरच्या नोंदींत सापडलेली प्रसिद्ध खूण म्हणजे काळी मिरी आणि लाल मिरची: काळी म्हणजे हिंदी शिपाई, लाल म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आली, असं कोणी लिहिलं की वाण्याची यादी समजायची नाही. मात्र म्हणून प्रत्येक मिरचीत गुपितही शोधू नका. आपल्या माणसाला खरोखरच घरचा मसाला हवा असू शकतो.

सरावासाठी खाली एक नमुना देतो. हा माझ्याच हातचा, त्या काळच्या घाटणीवर रचलेला आहे, खरं पत्र नव्हे:

‘तीर्थरूप राजश्री बापू यांचे चरणी बालकाचे शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. येथील क्षेम जाणून तुमचे क्षेम लिहीत जाणे. पुढे मजकूर. तुमचे पत्र पावले. आम्ही खुशाल आहो. सरकार पोटास व कपड्यास चांगले देते. थंडी फार. घोडे निरोगी आहे, परंतु चिखलामुळे पायास जखम झाली ती आता बरी. ज्या घरी उतरलो आहो तेथील म्हातारी दूध देते. तीस रुपये पाठविले ते पावले किंवा नाही ते लिहिणे. मागील दोन पत्री विचारिले त्याचा जबाब नाही. तांबडी गाय व्याली काय. धाकट्यास इकडे येऊ देऊ नये, त्यास शेतावर ठेवावे. फिकीर करू नये. लोभ असावा ही विनंती.’

पहिल्या वाचनात हे पत्र कोरडं वाटतं. आता त्याचे तुकडे करा. ‘खुशाल आहो’, ‘सरकार चांगले देते’, ‘फिकीर करू नये’ ही वाक्यं सेन्सॉरच्या आणि आईच्या, दोघांच्याही समाधानासाठी. त्यांवरून त्याच्या मनाबद्दल काही ठरवू नका. ‘म्हातारी दूध देते’ यावरून जागा कळते: फ्रान्समध्ये घोडदळ मागच्या गावांत, शेतकऱ्यांच्या घरांत आणि गोठ्यांत उतरवलेलं असायचं. घोड्याच्या पायाची जखम म्हणजे हिवाळा आणि चिखल. एवढं त्यानं मोकळेपणानं लिहिलं, कारण घोड्याबद्दल लिहायला कोणाची हरकत नव्हती. स्वतःचे पाय सुजले असतील तर ते तो लिहिणार नाही, घोड्याचे लिहील.

मग प्रश्न. पैसे पोचले का, हे तो तिसऱ्यांदा विचारतोय. म्हणजे मधली दोन उत्तरं हरवली, किंवा घरी पैशावरून काही बिनसलं. आधीची-नंतरची पत्रं याच धाग्यानं जोडा. गाईचा प्रश्न आला म्हणजे ती गाभण असल्याचं त्याला कळलेलं होतं, म्हणजे घरचं एक पत्र तरी पोचलं होतं. घरच्यांनी काय लिहिलं ते आता कुठेच नाही, फौजेच्या पाठपिशवीत ती पत्रं टिकत नसत. त्याच्या प्रश्नांवरूनच ती अर्धीमुर्धी उभी करता येतात.

आणि ‘धाकट्यास इकडे येऊ देऊ नये.’ अख्ख्या पत्रात लढाईबद्दल त्यानं केलेलं विधान हे एवढंच आहे.

हे करून झालं की एक तक्ता आखा: पत्र क्रमांक, तारीख, कोणाला, काय विचारलं, कोणाचं नाव घेतलं, काय मागितलं. पाच-सहा पत्रांत कोणाचं तरी नाव एकदम येईनासं होतं, तिथे बोट ठेवा. १९१८ च्या पावसाळ्यानंतरच्या पत्रांत असं झालं तर त्या सालच्या इन्फ्लुएंझाच्या साथीचा विचार करा. शिपाई लढाईतून वाचला आणि घरची माणसं तापानं गेली, असं कितीतरी घरांत झालं.

पैशांच्या ओळींसाठी आणखी एक. त्या वेळच्या घोडदळाच्या बऱ्याच रेजिमेंटी शिलेदारी पद्धतीच्या होत्या. भरती होणारा घोडा आणि सामानासाठी रक्कम भरायचा, त्याला ‘असामी’ म्हणत. पायदळाच्या शिपायाला युद्धाच्या सुरुवातीला महिना ११ रुपये मिळायचे. शिलेदारी सवाराचा पगार दिसायला बराच मोठा, पण त्यातून घोड्याचा खर्च वजा व्हायचा. म्हणून ‘असामीचे पैसे’, ‘घोड्याचे कर्ज’ असं दिसलं तर ती जुगारातली देणी नव्हेत. ही पद्धत युद्धानंतर मोडीत निघाली.

शब्द अडले तर घोड्याच्या सामानाचे शब्द जवळ ठेवा: चंदी म्हणजे घोड्याचा दाणा, तोबरा म्हणजे तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी, खरारा म्हणजे अंग घासायचं साधन, तंग म्हणजे खोगिराचा पट्टा. रिकीब, लगाम, नाल तर चालूच आहेत.

तो कुठे होता

पत्रात बहुधा ‘मुक्काम फ्रान्स’ एवढंच असतं. गावाचं नाव लिहायला बंदी होती. तारखेवरून मात्र पुष्कळ लागतं. हिंदी घोडदळाच्या दोन डिव्हिजन १९१४ च्या अखेरीस फ्रान्सला पोचल्या. १९१५ च्या शेवटी हिंदी पायदळ तिथून मेसोपोटेमियाला हललं, घोडदळ मात्र १९१८ च्या सुरुवातीपर्यंत फ्रान्सातच होतं. सवारांनी त्या काळात बराच वेळ खंदक खणण्यात, पायउतार होऊन पहारे देण्यात आणि कधी तरी फळी फुटेल याची वाट पाहण्यात काढला. १४ जुलै १९१६ ला सोमच्या लढाईत डेक्कन हॉर्सनं भाले घेऊन हाय वूडजवळ हल्ला केला. १९१७ च्या नोव्हेंबर अखेरीस आणि डिसेंबरच्या सुरुवातीला कांब्रेला घोडदळ पुन्हा पुढे आलं. त्यानंतर सगळे इजिप्तमार्गे पॅलेस्टाइनला. २३ सप्टेंबर १९१८ ला जोधपूर आणि म्हैसूर लान्सर्सनी हायफा घेतलं. दिल्लीतल्या तीन मूर्ती चौकातले पुतळे त्यांचे आणि हैदराबाद लान्सर्सचे. कर्नाटकाकडच्या सोयरिकीतलं पत्र असेल तर म्हैसूरची शक्यता जरूर तपासा.

‘मिसर’, ‘सुएज’, ‘कंतारा’ दिसलं तर इजिप्त. ‘बसरा’, ‘अमारा’, ‘बगदाद’ दिसलं तर मेसोपोटेमिया. बगदाद ११ मार्च १९१७ ला ब्रिटिशांच्या हाती आलं, त्याआधीच्या पत्रावर ‘मुक्काम बगदाद’ असेल तर तो बहुधा कैदी म्हणून तिथे होता.

बाहेरचे कागद

माणूस परत आला नाही असं घरात सांगत असतील तर पहिल्यांदा कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधा, ते फुकट आहे. नावाचं स्पेलिंग तुमच्या मनासारखं असणार नाही. आडनाव कित्येकदा नसतंच. म्हणून नावावर हटून बसू नका. रेजिमेंट आणि साल घालून यादी काढा आणि मग बापाचं नाव व गाव जुळतं का पाहा. गावं जुन्या जिल्ह्यांखाली आहेत, रत्नागिरी, बेळगाव असं शोधा. फ्रान्समधल्या हिंदी सैनिकांची नावं नव्ह-शापेलच्या स्मारकावर, मेसोपोटेमियातली बसऱ्याच्या स्मारकाच्या यादीत आहेत.

तुकडी त्या दिवशी काय करत होती हे रेजिमेंटच्या युद्ध-रोजनिशीत मिळतं. त्या लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ‘डब्ल्यूओ ९५’ या मालिकेत आहेत. त्यात साध्या सवाराचं नाव क्वचितच येतं, पण हवा, मुक्काम, किती घोडे मेले हे रोजचं येतं. सेन्सॉरनं काढलेले पत्रांचे उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, ‘एल/एमआयएल/५’ खाली ८२५ ते ८२८. आपल्या माणसाचं पत्र तिथे मिळेल या आशेनं जाऊ नका. ते उतारे इंग्रजी भाषांतरातले आहेत, त्यांतले बरेचसे उर्दू, गुरमुखीतून आलेले. मूळ कागद तपासून पुढे घरोघरी रवाना झाले, आणि त्यांतले फारच थोडे कुठे टिकून आहेत. तुमच्या पेटीतला कागद भाषांतराआधीचा, त्याच माणसाच्या तंबूतून निघालेला आहे. मला विचाराल तर लंडनच्या चार फायलींपेक्षा तो जास्त मोलाचा.

त्या दिवसांत इथे काय बातम्या पोचत होत्या हे पाहायचं असेल तर पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं विचारा. ‘ओ हेराल्दो’ १९०० पासूनचं आहे, पोर्तुगीज वाचणारा कोणी सोबत घ्या.

ठेवायचं कुठे

लोखंडी कपाटात, बाहेरच्या भिंतीपासून वीतभर लांब, जमिनीपासून वर. देवघराच्या खोलीत नको, दिव्याची काजळी बसते. आम्लविरहित कागदाची पाकिटं मिळाली तर उत्तम, नाही तर धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळा. सिलिका जेलच्या पुड्या पावसाळ्याआधी बदला. कडुलिंबाचा पाला घालणार असाल तर कडक वाळलेला, आणि कागदाला न चिकटता. डांबरगोळ्या कागदाला लागू देऊ नका.

फोटोंच्या तीन प्रती करा, त्यांतली एक गोव्याबाहेरच्या नातेवाइकाकडे ठेवा. इंटरनेटवर टाकण्याआधी घरच्या सगळ्या शाखांना विचारा. शंभर वर्षांपूर्वीचं असलं तरी कर्ज, वाटणी, सुनेबद्दलची तक्रार आजही लागते.

मूळ पत्रं पुराभिलेख खात्याला किंवा एखाद्या संग्रहालयाला द्यायची ठरली तर देण्याआधी लेखी यादी करा, क्रमांकवार, प्रत्येकाच्या फोटोसह. देणगी की नुसती ठेव, प्रती काढायचा हक्क कोणाकडे, घरच्यांना पाहायला मिळतील का, हे पत्रावर लिहून घ्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका. आणि तुम्ही केलेल्या त्या दोन वह्या, चौकटींसकट, सोबत द्या. तुम्हाला न लागलेला शब्द पुढच्या कोणाला तरी लागेल.